बीथोव्हनच्या वाटेने वर्ध्याला

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमात जाणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला बापूकुटी दाखविली जाते. मातीने लिंपलेल्या भिंती, कौलारू छप्पर, शेणाने सारवलेली जमीन आणि भिंतीवर मातीतूनच उठविलेली ताडमाडांची झाडे, ॐ आणि चरखा. पाहुणे हात जोडतात, क्षणभर स्तब्ध उभे राहतात आणि पुढे जातात. ही झोपडी मुळात गांधीजींसाठी बांधलेलीच नव्हती, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. एका इंग्रज ॲडमिरलच्या कन्येने ती स्वतःसाठी बांधली होती आणि भिंतीवरची ती चित्रेही तिच्याच बोटांनी घडविली होती. त्याच बोटांनी एके काळी पियानोच्या पट्ट्यांवर बीथोव्हनचा शोध घेतला होता.

तिचे नाव मॅडेलिन स्लेड. हिंदुस्थानाने तिला मीराबेन म्हणून ओळखले.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना पाश्चात्त्य संगीत परके नाही. चर्चमधला ऑर्गन, गायनवृंदाचा सराव, लग्नातला वाद्यवृंद, घराच्या कोपऱ्यात जपून ठेवलेले आजोबांचे व्हायोलिन यांच्या सोबतीने आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. त्याबरोबरच तालंतांचा दृष्टान्तही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धन्याने दिलेले धन मातीत पुरून ठेवणाऱ्या चाकराला काय ऐकावे लागले, ते आपल्याला पाठ आहे. म्हणूनच मीराबेनच्या जीवनाकडे पाहताना आमच्या मनात एक प्रश्न वारंवार उभा राहतो. ज्या स्त्रीला संगीताचे एवढे मोठे वेड लाभले, तिने ते विदर्भाच्या काळ्या मातीत पुरून टाकले काय? की आम्ही ज्याला पुरणे म्हणतो, ते पेरणे होते?

कागदाच्या गुंडाळीतून आलेला स्वर

मॅडेलिनचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात झाला. वडील सर एडमंड स्लेड ब्रिटिश आरमारातील वरिष्ठ अधिकारी होते आणि कामानिमित्त दीर्घकाळ घरापासून दूर असत. त्यामुळे तिचे बालपण बहुतांशी डॉर्किंगजवळ आजोळच्या विस्तीर्ण वाडीत गेले. घोडे, गाई, झाडे आणि एकान्त हे तिचे सोबती होते. माणसांच्या गर्दीत ती बुजरी असे, तर जनावरांच्या सहवासात खुलत असे.

ती पंधरा वर्षांची असताना वडिलांनी घरी एक नवलाचे यंत्र आणले. पियानोपुढे लावायची ती एक पेटी होती. कागदाच्या लांब गुंडाळीवर भोके पाडलेली असत. पायाने भाता चालविला की हवेच्या दाबाने त्या भोकांनुसार पट्ट्या खाली जात आणि वादकाच्या बोटांवाचून पियानो वाजू लागे. आणलेल्या गुंडाळ्यांमध्ये एक गुंडाळी बीथोव्हनच्या ३१ व्या रचनासंचातील दुसऱ्या सोनाटाची होती. मॅडेलिनने ती एकदा ऐकली, पुन्हा ऐकली आणि मग पुन्हा पुन्हा ऐकतच राहिली.

हा सोनाटा बीथोव्हनने १८०१-०२ च्या सुमारास रचला. आपली श्रवणशक्ती जात आहे आणि ती परत येणार नाही, हे त्याला कळून चुकले होते तो हाच काळ. १८०२ च्या ऑक्टोबरात व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट गावी त्याने आपल्या भावांना उद्देशून एक पत्र लिहून ठेवले. त्यात जीव देण्याच्या विचारापर्यंत गेलेली त्याची निराशा आहे आणि केवळ कलेसाठी जगण्याचा निर्धारही आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला हा इतिहास तेव्हा कुठून माहीत असणार? परंतु त्या सुरांमागे एक झुंजणारा आत्मा आहे, हे तिने जाणले. बीथोव्हन आपल्या जन्माआधी कितीतरी वर्षे मरण पावला, या विचाराने ती व्याकूळ होऊन देवाजवळ रडली. संगीताने तिला प्रार्थना करायला शिकविले, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

ती पियानो शिकू लागली. पण आपण मोठ्या वादक होणार नाही, हे तिच्या लवकरच ध्यानात आले असावे. कारण स्वतः व्यासपीठावर जाण्याऐवजी तिने दुसऱ्यांसाठी व्यासपीठ उभारण्याचे काम हाती घेतले. मधली दोन वर्षे हिंदुस्थानात गेली. वडील १९०९ मध्ये ईस्ट इंडीज आरमाराचे प्रमुख झाले आणि कुटुंब मुंबईस आले. मेजवान्या, नाच, औपचारिक भेटीगाठी असे ते आयुष्य होते. या देशाचे खरे दर्शन तिला त्या वेळी झालेच नाही. पुढे ज्या भूमीला तिने आपले सर्वस्व वाहिले, ती भूमी पहिल्या भेटीत तिला कंटाळवाणी वाटली होती!

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जर्मन कलावंतांवर अघोषित बहिष्कार होता. मॅडेलिनला हे मानवेना. बीथोव्हनचे संगीत शत्रूचे कसे असू शकते? फ्रेडरिक लॅमंड हे स्कॉटिश पियानोवादक लिस्टचे शिष्य आणि बीथोव्हनच्या रचनांचे ख्यातनाम भाष्यकार. त्यांच्या मैफली तिने लंडनमध्ये भरविल्या. १९२१ मध्ये तिने एका जर्मन संचालकाला बोलावून लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून बीथोव्हनच्या रचना सादर करविल्या. त्या काळी एका तरुण स्त्रीने मैफलींची व्यवस्थापक व्हावे, तेही कालपर्यंत वैरी मानलेल्या राष्ट्रातील कलावंताला घेऊन, ही लहान गोष्ट नव्हती. ज्या घराण्याची भाकरी युद्धनौकांवर चालत होती, त्या घरातील मुलीने वैर मिटविण्याचे पहिले काम सुरांच्या साहाय्याने केले, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

रोलाँ यांची भेट

बीथोव्हनविषयी मिळेल ते वाचताना तिला फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांचा शोध लागला. १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या रोलाँ यांनी १९०३ मध्ये बीथोव्हनचे छोटेखानी चरित्र लिहिले होते. त्यांच्या 'जाँ क्रिस्तोफ' या दहा खंडांच्या कादंबरीचा नायकही बीथोव्हनच्या छायेतच घडला आहे. ही कादंबरी मूळ भाषेत वाचता यावी म्हणून मॅडेलिन फ्रेंच शिकली आणि अखेर स्वित्झर्लंडमध्ये व्हिल्नव्ह येथे जाऊन लेखकाला भेटली.

या भेटीत रोलाँ यांनी आपल्या नव्या पुस्तकाचा विषय काढला. पुस्तक गांधींवर होते. गांधी कोण, असे तिने विचारले, तेव्हा 'दुसरा ख्रिस्त' अशा शब्दांत त्यांनी ओळख करून दिली. आपल्या श्रद्धेला हा शब्दप्रयोग रुचणारा नाही आणि स्वतः गांधीजींनीही तो मान्य केला नसता. रोलाँ यांना जे सुचवायचे होते ते एवढेच की, डोंगरावरील प्रवचन प्रत्यक्ष आचरणात आणू पाहणारा एक माणूस आजच्या जगात आहे. १९२४ मध्ये ते पुस्तक प्रसिद्ध झाले. पॅरिसमध्ये मॅडेलिनने ते एका दिवसात वाचून संपविले आणि त्याच दिवशी तिचा निर्णय झाला.

परंतु भावनेच्या भरात धावत सुटणारी ती नव्हती. आधी काढलेले जहाजाचे तिकीट तिने पुढे ढकलले आणि स्वतःला एक वर्षाची तयारी लावून घेतली. मद्य आणि मांस सोडले. सूत कातणे व विणणे शिकली. जमिनीवर मांडी घालून बसण्याचा आणि जमिनीवर झोपण्याचा सराव केला. उर्दूचे धडे घेतले. १९२४ च्या अखेरीस गांधीजींना पत्र लिहून तिने वीस पौंडांची देणगी पाठविली. नवशिक्षार्थी म्हणून मठात प्रवेश करू इच्छिणारी तरुणी जशी आधी स्वतःला पारखून घेते, तसेच हे होते.

७ नोव्हेंबर १९२५ रोजी ती अहमदाबादला उतरली. स्टेशनवर वल्लभभाई पटेल आणि महादेव देसाई आले होते. साबरमतीच्या आश्रमात गांधीजींनी तिला मुलगी म्हणून स्वीकारले आणि मीरा हे नाव दिले. राजवैभव सोडून भजनात रंगलेल्या संत मीराबाईचे नाव एका संगीतवेड्या मुलीला मिळावे, हा योग सुंदर होता. पण या नव्या मीरेच्या वाट्याला तंबोरा आला नाही, झाडू आणि टकळी आली. १९२७ मध्ये बीथोव्हनच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली. युरोपभर सोहळे झाले आणि रोलाँ व्हिएन्नाला गेले. मीराबेन त्या वेळी हिंदीचे धडे गिरवीत होत्या आणि सूत कातीत होत्या.

व्हिल्नव्हची ती संध्याकाळ

१९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तेव्हा मीराबेन त्यांच्याबरोबर होत्या. परतीच्या वाटेवर डिसेंबरात सर्वांचा मुक्काम व्हिल्नव्हला रोलाँ यांच्या शेजारी पडला. ज्या दाराशी मॅडेलिन शिष्या म्हणून आली होती, त्याच दारी ती आपल्या गुरूला घेऊन आली.

मुक्कामाच्या शेवटी गांधीजींनी रोलाँ यांना थोडे बीथोव्हन वाजविण्याची विनंती केली. गांधीजींना पाश्चात्त्य संगीताची विशेष जाण नव्हती. पण मीरेला रोलाँ यांच्यापर्यंत आणि रोलाँ यांच्यामार्फत आपल्यापर्यंत आणणारा दुवा बीथोव्हन होता, हे ते जाणून होते. रोलाँ पियानोवर बसले आणि त्यांनी पाचव्या सिंफनीतील संथ गतीचा भाग वाजविला. त्यानंतर ग्लुकच्या 'ऑर्फियस' या संगीतनाटकातील स्वर्गभूमीच्या प्रवेशाचे संगीत वाजविले.

वाचकांपैकी ज्यांना ही ग्रीक कथा ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. ऑर्फियस हा गायक आपल्या मृत पत्नीला परत आणण्यासाठी गाण्याच्या बळावर पाताळात उतरतो. अट एकच असते : परतताना तिच्याकडे वळून पाहायचे नाही. तो वळतो आणि तिला गमावतो. १७६२ मध्ये व्हिएन्नाच्या रंगभूमीवर आलेल्या ग्लुकच्या नाटकात मात्र शोकाने कथा संपत नाही. गमावलेली प्रिया त्याला पुन्हा दिली जाते. सहा वर्षांहून अधिक काळ पियानोपासून दूर राहिलेल्या मीराबेनच्या मनात त्या संध्याकाळी काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. त्या वळल्या नाहीत, एवढे खरे. काही दिवसांतच हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या जहाजावर त्या गांधीजींबरोबर होत्या.

त्याच प्रवासात रोम लागले. तेथे व्हॅटिकनमध्ये क्रुसावरील येशूच्या मूर्तीपुढे गांधीजी बराच वेळ उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि तेथून पाय काढणे त्यांना जड गेले, असे त्यांनीच पुढे सांगितले. या घटनेचे स्मरण आपल्याला पुढे सेगावात होणार आहे.

१९३२ मध्ये मुंबईत अटक होऊन मीराबेन आर्थर रोड तुरुंगात गेल्या. बीथोव्हनने आयुष्यात 'फिडेलिओ' हे एकच संगीतनाटक पूर्ण केले. १८०५ मध्ये ते रंगभूमीवर आले. अन्यायाने कोंडलेल्या पतीच्या सुटकेसाठी पुरुषवेष घेऊन तुरुंगात शिरणारी लिओनोरा ही त्याची नायिका. इंग्लंडमध्ये बसून त्या संगीताचा आनंद लुटणारे पुष्कळ होते. तुरुंगाचा दरवाजा स्वतःहून ओलांडणारी एकच निघाली.

सेगाव

वर्ध्याचा अध्याय येथून सुरू होतो. स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीस परतायचे नाही, असा निश्चय करून गांधीजी १९३० मध्ये दांडीला निघाले होते. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून पुढे त्यांनी वर्धा हे आपले केंद्र केले. याच जमनालालजींनी १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले केले होते. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. त्या कामाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा, म्हणजे जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा, हे दक्षिणेतील एका ख्रिस्ती घराण्यातील होते.

मगनवाडीच्या शेजारी सिंदी नावाची वस्ती होती. तेथे रस्त्यावरची घाण रोज सकाळी उचलण्याचे काम गांधीजींच्या सहकाऱ्यांनी सुरू केले आणि मीराबेन त्या वस्तीतच राहायला गेल्या. नंतर त्यांनी वर्ध्यापासून सुमारे पाच मैलांवरचे सेगाव निवडले. पोचायला धड रस्ता नाही, पोस्ट नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल आणि घरोघर हिवताप, असे ते गाव होते. आजारी माणसांना औषध देणे, विहिरीचे पाणी स्वच्छ ठेवायला शिकविणे, मैला मातीआड करून त्याचे खत करणे, बायकांना सूतकताई शिकविणे हा त्यांचा दिनक्रम झाला. वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांनाच या कामाचे मोल कळेल.

गांधीजींनी सेगावात राहण्याचे ठरविले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी ते तेथे आले. झोपड्या उभारण्याचे काम मीराबेनच्या देखरेखीखाली झाले. खर्च कमीतकमी, साहित्य आणि कारागीर परिसरातलेच, असा दंडक होता. पण सोबत एक अट होती. गांधीजी सेगावात आले की मीराबेनने दुसऱ्या गावी जायचे! जिच्या कष्टाने गाव तयार झाले, तिनेच ते सोडायचे. त्याप्रमाणे त्या जवळच्या वरोडा गावी गेल्या. आजारपणामुळे पुढे त्यांना सेगावला परतावे लागले.

या नात्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातील वेदना झाकण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. मीराबेनची निष्ठा जवळिकीची भुकेली होती, तर गांधीजी त्यांना वारंवार दूर पाठवीत. माझ्या देहाला चिकटू नको, माझ्या कामाला चिकटून राहा, असा त्यांच्या पत्रांचा एकंदर आशय असे. १९४९ मध्ये पुस्तकरूपाने आलेली ही पत्रे वाचताना पित्याचे वात्सल्य दिसते, तसा कठोरपणाही दिसतो. मीराबेन रडत, रुसत, आजारी पडत आणि पुन्हा कामाला लागत. संतांची चरित्रे आपण बहुधा गुळगुळीत करून सांगतो. हे चरित्र तसे सांगू नये, कारण त्याचे बळ त्या खाचखळग्यांतच आहे.

आदिनिवासात माणसांची गर्दी वाढली, तेव्हा मीराबेनने स्वतःसाठी बांधलेली झोपडी गांधीजींच्या वापरासाठी गेली. तीच आजची बापूकुटी. जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर तेथे आठवडाभर राहिले. खोलीच्या भिंतीवर टांगलेले एकच चित्र त्यांना दिसले. ते होते प्रभू येशूचे, आणि त्याखाली ख्रिस्त हीच आपली शांती अशा अर्थाची ओळ होती. व्हॅटिकनमध्ये क्रुसापुढे खिळून राहिलेल्या माणसाने आपल्या मातीच्या भिंतीवर कोणते चित्र ठेवले, हे आपल्या मुलाबाळांना सांगण्यासारखे आहे. त्या चित्राच्या सोबतीला मीराबेनची मातीतली झाडे होती.

सेगावात संगीत अजिबात नव्हते, असे मात्र नाही. पहाटेच्या आणि सायंकाळच्या प्रार्थनेत भजने होत आणि निरनिराळ्या धर्मांतील प्रार्थना म्हटल्या जात. कार्डिनल न्यूमन यांचे, अंधारात वाट दाखविण्यासाठी प्रकाशाला आळविणारे स्तोत्र गांधीजींच्या अत्यंत आवडीचे होते. नरसिंहराव दिवेटिया यांनी केलेला त्याचा गुजराती अवतार आश्रमात गायिला जाई. न्यूमन यांना २०१९ मध्ये संतपद मिळाले. १९३६ मध्ये तुकडोजी महाराज आश्रमात येऊन राहिले, तेव्हा त्यांच्या खंजिरीने आसमंत दुमदुमला. एकसुरी खंजिरी आणि बीथोव्हनची स्वरसंहती यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरी दोन्हींच्या मुळाशी असलेली तळमळ ज्या कानाने ओळखली असेल, तो कान मीराबेनचाच असावा. १९४० मध्ये सेगावाचे नाव सेवाग्राम झाले.

परत मिळालेले धन

पुढची वर्षे आपण भराभर पाहू. ९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींबरोबर मीराबेनलाही अटक झाली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा यांचे मृत्यू त्यांनी पाहिले. मे १९४४ मध्ये सुटका झाल्यावर त्या वर्ध्यास कायमच्या परतल्या नाहीत. रुडकीजवळ किसान आश्रम, हृषीकेशजवळ पशुलोक आणि नंतर हिमालयातील भिलंगना खोरे अशी त्यांची वाट उत्तरेकडे वळली. डोंगरावरची ओकची झाडे तोडून पाइन लावल्याने झरे आटतात आणि पूर येतात, हे त्या १९५० च्या दशकात सांगत होत्या. सरकारने ते फारसे मनावर घेतले नाही.

गांधीजी गेले होते. हातात घेतलेल्या योजना एकेक करून मंदावत होत्या. अशा वेळी त्या पहाडी एकान्तात रोलाँ यांचे बीथोव्हनवरील लेखन पुन्हा त्यांच्या हाती आले. रोलाँ स्वतः १९४४ च्या डिसेंबरात निवर्तले होते. मीराबेन वाचू लागल्या आणि तीस वर्षे मिटून ठेवलेले दार आतून उघडले. २८ जानेवारी १९५९ रोजी त्यांनी हिंदुस्थान सोडला. १९६० मध्ये त्या ऑस्ट्रियात गेल्या आणि व्हिएन्नाजवळच्या रानात राहू लागल्या. ज्या परिसरात बीथोव्हन हिंडला होता आणि ज्या निसर्गातून त्याने संगीत वेचले होते, त्याच परिसरात त्यांनी आयुष्याची अखेरची बावीस वर्षे घालविली. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. २० जुलै १९८२ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर काही महिन्यांनी 'गांधी' चित्रपट आला आणि जगाने त्यांना पडद्यावर पाहिले. बीथोव्हनच्या आत्मिक अनुभूतीवर त्यांनी लिहिलेले पुस्तक मात्र १९९९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी प्रकाशित झाले, आणि तेही भारतात, मदुराईतील खादीप्रेमींच्या एका मंडळाकडून. बीथोव्हनवरच्या पुस्तकाला खादीने आश्रय द्यावा, याहून समर्पक असे काय असू शकते?

आता आमच्या प्रश्नाकडे वळू. मीराबेनने आपले धन मातीत पुरले काय? दृष्टान्तातील चाकराने ते भीतीपोटी पुरले होते. धनी कठोर आहे, धन गमावले तर काय, ही त्याची भीती. मीराबेनच्या त्यागात भीतीचा लवलेशही नव्हता. बीथोव्हनने त्यांना जे दिले ते केवळ कानांचे सुख नव्हते. दुःखातून झुंजत जाऊन सर्व मानवांना कवटाळणाऱ्या आनंदाकडे जाण्याची ती हाक होती. लंडनच्या सभागृहात बसून त्या हाकेला टाळ्यांनी उत्तर देता आले असते. मीराबेनने सेगावच्या चिखलात उतरून उत्तर दिले. आणि त्यांनी जे सोडले, ते आयुष्याच्या संध्याकाळी, न मागता, त्यांना परत मिळाले.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली आज पियानो आणि कीबोर्ड शिकतात. परीक्षा देतात, बक्षिसे मिळवितात. त्यांनी सर्व सोडून खेड्यात जावे, असे आम्ही म्हणणार नाही. प्रत्येकाची हाक निराळी असते. परंतु सुटीत नागपूरच्या बाजूला जाणे झाले, तर आईवडिलांनी त्यांना वर्ध्याला अवश्य न्यावे, बापूकुटीच्या भिंतीवरची झाडे दाखवावीत आणि ती कोणाच्या बोटांनी घडविली, हे सांगावे. पियानोला लागलेले तेच हात शेणमातीत बुडाले आणि त्यामुळे मलिन झाले नाहीत, एवढे जरी त्यांना उमगले, तरी ती यात्रा सफल झाली असे आम्ही समजू.